दोन घरचा पाहुणा

'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पहिल्या घरच्या माणसांना वाटते, पाहुणा दुसऱ्या घरी जेवेल. दुसऱ्या घरच्यांना वाटते, तो पहिल्या घरीच जेवून येईल. शेवटी पाहुणा उपाशी राहतो. ज्याचे मन दोन ठिकाणी असते त्याला कुठेच जागा मिळत नाही, असाही या म्हणीचा अर्थ लावतात. पण ही म्हण नेहमीच खरी ठरते का? मला तसे वाटत नाही. माझे म्हणणे तुम्हांला पटावे म्हणून मी एका फुटबॉलपटूची हकिकत सांगतो. त्याचे नाव झेर्दान शाकिरी.

शाकिरीचा जन्म १० ऑक्टोबर १९९१ रोजी कोसोव्होमधील ग्यिलान या गावी झाला. कोसोव्हो तेव्हा युगोस्लाव्हिया या देशाचा भाग होता. त्या देशात फाटाफूट सुरू झाली होती. १९९२ साली शाकिरीचे कुटुंब स्वित्झर्लंडला आले. बासेल शहराजवळ ऱ्हाईन नदीच्या काठी ऑग्स्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथे त्यांनी बिऱ्हाड केले. वडिलांनी उपाहारगृहात भांडी घासण्याचे काम केले. आई कार्यालयांची साफसफाई करी. घरात अल्बेनियन भाषा आणि घराबाहेर जर्मन, अशा दोन भाषांत हा मुलगा वाढला.

गावातल्या संघातून खेळता खेळता तो बासेलच्या मोठ्या क्लबमध्ये दाखल झाला. २००९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो त्या क्लबच्या मुख्य संघात आला. उंची जेमतेम साडेपाच फूट, पण पाय मजबूत आणि डाव्या पायाचा फटका जबरदस्त. त्याच्या काळात बासेलने २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षे स्विस लीग जिंकली. डिसेंबर २०११ मध्ये याच संघाने चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडला २-१ असे हरवून स्पर्धेबाहेर काढले. पुढच्या फेरीत मात्र जर्मनीच्या बायर्न म्युनिक संघाने म्युनिकमध्ये बासेलचा ७-० असा धुव्वा उडवला. गंमत अशी, की त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शाकिरी बायर्नच्या संघात गेला!

येथून त्याचा प्रवास सुरू झाला. जानेवारी २०१५ मध्ये तो इटलीच्या इंटर मिलानमध्ये गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो इंग्लंडच्या स्टोक सिटीत आला. २०१८ साली लिव्हरपूल, २०२१ साली फ्रान्समधील ल्यों आणि २०२२ साली अमेरिकेतील शिकागो फायर, असे त्याचे पुढचे मुक्काम झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये तो पुन्हा बासेलला परतला. संघ सात, देश सहा!

तुम्हांला प्रश्न पडेल, की खेळाडू असे संघ का बदलतात? व्यावसायिक खेळाडू क्लबशी ठराविक वर्षांचा करार करतो. करार चालू असताना तो दुसऱ्या क्लबला हवा असेल, तर त्या क्लबला पहिल्या क्लबला मोबदला द्यावा लागतो. प्रशिक्षक बदलला, संघात नवा खेळाडू आला किंवा खेळायला पुरेशी संधी मिळेना, तर खेळाडूही दुसरीकडे पाहू लागतो. नोकरीसाठी गाव बदलणाऱ्या माणसासारखेच हे आहे.

तरीही काही लोक शाकिरीला धरसोड वृत्तीचा म्हणतात. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' असा त्यांचा आक्षेप असतो. या आक्षेपात थोडे तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. इंटरमध्ये तो जेमतेम सात महिने राहिला आणि ल्योंमध्ये सहा. तो संघात असताना, २०१८ साली, स्टोक सिटीला इंग्लंडच्या पहिल्या दर्जाच्या लीगमधून खाली उतरावे लागले. बायर्न आणि लिव्हरपूल या बलाढ्य संघांत त्याला बराच काळ राखीव खेळाडूंच्या बाकावर बसावे लागले. या दोन संघांनी अनुक्रमे २०१३ आणि २०१९ साली चॅम्पियन्स लीग जिंकली. दोन्ही अंतिम सामन्यांच्या वेळी शाकिरी बाकावर होता. युरोपातले सर्वांत मोठे पदक त्याला दोनदा मिळाले, पण त्या दोन्ही सामन्यांत तो एक मिनिटही मैदानावर उतरला नाही.

मग ही पदके त्याने फुकट मिळवली का? याचे उत्तर ७ मे २०१९ च्या रात्री मिळते. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात बार्सिलोनाने लिव्हरपूलला ३-० असे हरवले होते. दुसऱ्या सामन्यात लिव्हरपूलचे सलाह आणि फिर्मिनो हे दोन प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे खेळू शकत नव्हते. त्या रात्री शाकिरीला सुरुवातीपासून मैदानात उतरवले गेले. त्याने डावीकडून उंच टाकलेल्या चेंडूवर वायनाल्डमने डोक्याने गोल केला आणि दोन सामन्यांची मिळून बरोबरी झाली. लिव्हरपूलने तो सामना ४-० असा जिंकून अंतिम फेरी गाठली. बाकावर बसलेला माणूस रिकामा बसलेला नसतो. तो रोज सराव करतो आणि आपली पाळी आली की तयार असतो. हे धरसोड वृत्तीच्या माणसाला जमत नाही.

आता दोन घरांविषयी. शाकिरी ज्या देशात जन्मला तो त्याच्या आईवडिलांचा आणि ज्या देशात वाढला तो त्याच्या शाळेचा व मैदानाचा. २०१८ च्या विश्वचषकात त्याच्या एका बुटावर स्वित्झर्लंडचा झेंडा होता आणि दुसऱ्यावर कोसोव्होचा. त्या स्पर्धेत २२ जून रोजी स्वित्झर्लंडचा सामना सर्बियाशी होता. कोसोव्होने २००८ साली स्वातंत्र्य जाहीर केले, पण सर्बियाने ते मान्य केलेले नाही. अगदी शेवटच्या क्षणी शाकिरीने विजयी गोल केला आणि दोन्ही हातांनी गरुडाची खूण केली. दोन डोक्यांचा गरुड हे अल्बेनियाच्या झेंड्यावरील चिन्ह आहे. त्याबद्दल फिफाने त्याला दहा हजार स्विस फ्रँक दंड केला. स्वित्झर्लंडमध्येही चर्चा सुरू झाली, की असे खेळाडू मनाने खरोखर स्विस आहेत का?

माझे मत विचाराल, तर प्रतिस्पर्ध्याला डिवचणारी खूण मैदानावर करणे योग्य नव्हते. आपले प्रेम दाखवताना दुसऱ्याला दुखवण्याचे कारण नसते. दोन बुटांवरचे दोन झेंडे त्याच्या मनातली गोष्ट अधिक चांगली सांगत होते. पण एका खुणेवरून त्याच्या निष्ठेवर शंका घेणे हेही तितकेच अयोग्य होते. निष्ठा हावभावांत शोधू नये, ती कामात शोधावी.

आणि त्याचे काम काय सांगते? क्लब सारखे बदलले, पण स्वित्झर्लंडचा लाल सदरा त्याने २०१० पासून २०२४ पर्यंत सोडला नाही. २०१६ साली कोसोव्होला फिफाचे सदस्यत्व मिळाले, तरीही तो स्वित्झर्लंडकडूनच खेळत राहिला. त्याने या देशासाठी १२५ सामने खेळले आणि ३२ गोल केले. २०१४ च्या विश्वचषकात होंडुरासविरुद्ध त्याने एकट्याने तीन गोल केले. २०१६ च्या युरो स्पर्धेत पोलंडविरुद्ध हवेत उलटा होऊन, कात्रीसारखे पाय फिरवून केलेला त्याचा गोल आजही लोक आठवतात. २०१४ ते २०२४ या काळात तीन विश्वचषक आणि तीन युरो स्पर्धा झाल्या. या सहाही स्पर्धांत गोल करणारा जगातला एकमेव खेळाडू म्हणजे शाकिरी. ज्याला धरसोड वृत्तीचा म्हटले गेले, त्याच्याइतके सातत्य दुसऱ्या कोणालाही दाखवता आले नाही!

बासेलला परतल्यावरही तो जुन्या नावावर जगला नाही. त्या क्लबने २०१७ नंतर लीग जिंकलेली नव्हती. २०२५ साली बासेलने लीग आणि स्विस चषक दोन्ही जिंकले. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडूही शाकिरीच होता. जगभर फिरून शिकलेले त्याने आपल्या गावाला परत दिले.

मित्रांनो, हे सारे मी तुम्हांला का सांगितले? तुम्हीही दोन भाषांत वाढत आहात. तुमची शाळेची भाषा उर्दू आहे आणि हा धडा तुम्ही मराठीत वाचत आहात. एक भाषा शिकली म्हणून दुसरी परकी होत नाही. उद्या शिक्षणासाठी किंवा रोजगारासाठी तुमच्यापैकी कित्येकांना गाव सोडावे लागेल. नवी माणसे भेटतील, बोली निराळी असेल. सुरुवातीला कदाचित बाकावरही बसावे लागेल. तेव्हा लाजू नका आणि रुसूही नका. आपले जुने घर मनात जपा आणि नव्या घरातल्या कामाला हात लावा. जो घरात काम करतो, त्याला कोणी पाहुणा म्हणत नाही आणि तो उपाशीही राहत नाही.