नोंदणीची घाई, हक्कांची दिरंगाई

सज्ञान स्त्री-पुरुषांनी विवाहाविना एकत्र राहणे हा गुन्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एस. खुशबू प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. २०१८ च्या नंदकुमार प्रकरणात त्याचा पुनरुच्चार झाला. तरीही राजधानीत भाड्याचे घर शोधणाऱ्या जोडप्याला घरमालक पहिला प्रश्न विवाहाचाच विचारतो, हा भाग वेगळा. खरी अडचण त्याहून गंभीर आहे. एकत्र राहण्याची मुभा देणारी आपली कायदेव्यवस्था, दोघांपैकी एक निघून गेला किंवा मरण पावला तर मागे राहणाऱ्याचे काय, या प्रश्नावर जवळजवळ मौन बाळगून आहे.

‘जवळजवळ’ म्हणायचे, कारण कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ साली झाला आणि त्यात ‘विवाहसदृश संबंधां’ना स्थान मिळाले. अशा संबंधातील स्त्रीला छळापासून संरक्षण, राहत्या घरात आसरा आणि आर्थिक साह्य मागता येते. पण विवाहसदृश म्हणजे काय, हे ठरवताना वेलुसामी प्रकरणात (२०१०) न्यायालयाने ज्या अटी घातल्या, त्यांत दोघेही विवाहास कायद्याने पात्र असणे ही एक अट होती. त्याच निकालात ‘ठेवलेली बाई’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आला आणि तत्कालीन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी त्यावर भर न्यायालयात हरकत घेतली. ती रास्तच होती. पुढे इंद्रा सर्मा प्रकरणात (२०१३), पुरुष विवाहित असल्याचे ठाऊक असताना त्याच्याबरोबर अनेक वर्षे राहिलेल्या स्त्रीला दिलासा नाकारला गेला. मात्र अशा स्त्रियांची परवड लक्षात घेऊन संसदेने कायदा करावा, असे न्यायालयाने सुचविले. संसदेने ते अद्याप मनावर घेतलेले नाही.

पोटगीचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील ‘पत्नी’च्या व्याख्येत, दीर्घकाळ पत्नीसारख्या राहिलेल्या स्त्रीचा समावेश करावा, ही शिफारस मलिमठ समितीने २००३ मध्ये केली. त्याच धर्तीचा प्रस्ताव महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २००८ मध्ये मंजूर केला, तेव्हा संस्कृतिरक्षकांनी केवढा गदारोळ केला होता! प्रस्तावाचा कायदा झाला नाही. १ जुलै २०२४ पासून ती संहिताच इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम १२५ चे कलम १४४ झाले. ‘पत्नी’ मात्र होती तिथेच राहिली.

मृत्यूनंतरची स्थिती याहून वाईट. दीर्घ सहवासावरून विवाह गृहीत धरण्याचे तत्त्व न्यायालयांनी १९७८ च्या बद्री प्रसाद प्रकरणापासून २०२२ पर्यंत अनेकदा लावले. परंतु त्यातील विसंगती पाहा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना नवरा-बायको म्हणून मिरवणाऱ्यांना या गृहीतकाचा आधार मिळतो. ‘आम्ही विवाह केलेला नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांच्या ते कामी येत नाही. मृत्युपत्र नसेल तर अशा जोडीदाराला वारसा नाही. सरकारी नोकरांनी तर आपलेच नियम चाळून पाहावेत. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमांतील ‘कुटुंबा’त हा जोडीदार बसत नाही, आणि नियमांनुसार ज्याला ‘कुटुंब’ आहे अशा कर्मचाऱ्याला भविष्य निर्वाह निधीसाठी कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशनही करता येत नाही. वीस वर्षे एका छताखाली काढलेली व्यक्ती कार्यालयाच्या लेखी परकीच ठरते.

या पार्श्वभूमीवर उत्तराखंडने काय केले? जानेवारी २०२५ मध्ये तेथे लागू झालेल्या समान नागरी संहितेने सहनिवासाची नोंदणी सक्तीची केली. महिनाभरात नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड. निवेदनाची नोंद पोलीस ठाण्यात जाणार, आणि दोघांपैकी कोणी एकवीस वर्षांखालील असेल तर पालकांनाही कळविले जाणार. सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी आणि मुलांना औरसत्व या तरतुदी त्याच संहितेत आहेत, आणि त्यांचे स्वागत केले पाहिजे. पण घरच्यांच्या किंवा जातपंचायतीच्या धाकाने पळून आलेल्या मुलीला पोलीस ठाण्यातील नोंद हे संरक्षण वाटेल की पाठलाग? शिवाय इतका सारा तपशील सरकारजमा केल्यावरही जोडीदाराच्या मालमत्तेत वाटा नाहीच.

केंद्राला यातले बरेच काही वादंगाशिवाय करता येईल. कलम १४४ च्या स्पष्टीकरणात एका वाक्याची भर घालण्यासाठी संसद लागेल. मलिमठ समितीचा मसुदा त्यासाठी तयारच आहे. निवृत्तिवेतन आणि भविष्य निर्वाह निधीच्या नियमांतील ‘कुटुंब’ बदलायला तर संसदेचीही गरज नाही. तिथे एक अधिसूचना पुरेशी आहे, आणि ती काढणारे कार्यालय याच शहरात आहे.