घरचा संगणक : आधी चालवून पाहा, मग बसवा

विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या डेस्कटॉपवर बसत नाही. अशा संगणकावर मोफत मिळणारे लिनक्स मिंट चांगले चालते. पण ते बसवताना माझ्या धाकट्या भावाने घाईत संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला. आपाच्या निकाहचे सगळे फोटो गेले.

म्हणून आधी फोटो आणि मुलांची कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. मग लिनक्स पेनड्राइव्हवरूनच सुरू करा. तेवढ्याने जुन्या डिस्कला धक्का लागत नाही. तिथेच आवाज, प्रिंटर, वायफाय तपासा.

पडदा काळाच राहिला तर संगणक पुन्हा सुरू करून पहिल्या यादीतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. अडचण बहुधा ग्राफिक्स कार्डाची असते. वायफाय दिसत नसेल तर मोबाईल केबलने जोडून त्यात 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. नेट मिळाले की 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून योग्य ड्रायव्हर मिळतो का ते पाहा.

सगळे नीट चालले, तरच 'इन्स्टॉल' दाबा. आणि डिस्कबद्दलचा प्रश्न आला की तो दोनदा वाचा.