राम राम आधी कोणी घालायचा?

परवा स्टेशनसमोर टपरीवर चहा पीत होतो. शेजारच्या काकांशी नजरानजर झाली, मी सहज हसलो. काका गडबडले. "ओळखलं नाही हो, कोणतं गाव?" म्हटलं, "ओळख नाही काका, असंच हसलो." काकांनी खिसा चाचपला अन् जरा बाजूला सरकले! बिनओळखीचं हसू म्हणजे आपल्याकडं एकतर वर्गणी, नाहीतर इलेक्शन.

नमस्कार आधी कोणी करायचा हेही ठरलेलंच. शिपायानं साहेबाला, सालगड्यानं मालकाला. ही खोड जुनी आहे. गावगाड्यात बरोबरीच्या माणसाला 'राम राम', पण महार माणसानं वाकून 'जोहार'च घालायचा, असा दंडक होता. म्हणून 'जय भीम' हा नुसता नमस्कार नाही. कामठीच्या बाबू हरदासांनी तो रूढ केला अन् वाकलेली मान ताठ झाली.

आज कोणी राम राम म्हणतं, कोणी जय भीम, कोणी सलाम, कोणी जय शिवराय. म्हणू द्या की. अडचण ही आहे की, समोरच्याचं आडनाव कळेपर्यंत आपलं तोंडच उघडत नाही. १० डिसेंबर २०२४ ला याच स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढं शहरानं काय भोगलं ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून नजरा आणखीच जपून फिरतात, असं मला तरी जाणवतं.

अन् हा जनाबाईचा जिल्हा! वारीला निघालेला माणूस अनोळखी पोरालाही 'माउली' म्हणून पाया पडतो. जात विचारत नाही, वय बघत नाही. वारीत जमतं ते बसस्टँडवर का जमू नये?

एक मात्र आहे. बायापोरींनी अनोळखी माणसाकडं बघून हसावं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या साध्या हसण्याचेही भलते अर्थ काढणारे आपणच पुरुष. आधी ते बंद करू.

बाकी काम सोपं आहे. ज्यानं आपल्याला आधी नमस्कार करावा असं वाटतं, त्यालाच उद्या आपण आधी करायचा. सकाळी झाडू मारणाऱ्या मावशीला, ऑफिसातल्या शिपायाला, ऑटोवाल्या चाचांना. अन् त्यांनी जय भीम म्हटलं तर जय भीम, सलाम केला तर सलाम. जीभ काही झिजत नाही.

मी उद्या त्याच टपरीवर आहे. काका भेटले तर आधी राम राम, मग चहा. तुम्ही कोणाला म्हणणार?