चार वारांचे अंतर

आमच्या दवाखान्यात एक निवृत्त गृहस्थ येतात. वय बहात्तर. त्यांचे एक बालमित्र पलीकडच्या गल्लीत एकटेच राहतात. मधुमेह जुना, दृष्टी अधू. त्यामुळे इन्सुलिनचे इंजेक्शन देण्यासाठी हे गृहस्थ रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे जातात. गेली तीन वर्षे हा नेम चुकलेला नाही. गेल्या महिन्यात ते दवाखान्यात आले आणि खुर्चीवर बसताच म्हणाले, ‘‘डॉक्टर, काल तो मला म्हणाला, तुला धड सुईसुद्धा धरता येत नाही, उद्यापासून येऊ नकोस. आता जावे की न जावे?’’

उत्तर देण्यापूर्वी मला एक जुनी कथा आठवली. आर्थर कॉनन डॉयल हे स्वतः डॉक्टर होते. शेरलॉक होम्स आणि डॉ. वॉटसन या त्यांच्या जोडीची ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ ही कथा १९१३ साली प्रसिद्ध झाली. वॉटसन तेव्हा विवाह करून वेगळे राहत आहेत. होम्स तीन दिवसांपासून अन्नपाण्यावाचून अंथरुणाला खिळला असून अखेरच्या घटका मोजतो आहे, असा निरोप घरमालकीण घेऊन येते. वॉटसन धावत जातात. पाहतात तो मित्राचा चेहरा ओढलेला, डोळे तापाने चमकणारे, ओठांवर खपल्या, बोलणे मधूनच असंबद्ध. ते जवळ जाऊ लागताच होम्स ओरडतो, दूर उभा राहा! रोग स्पर्शाने पसरणारा आणि प्राणघातक आहे, असे तो सांगतो. संसर्गाच्या भीतीने मित्राकडे पाठ फिरवणे वॉटसन यांना मान्य नाही. ते पुन्हा पुढे सरसावतात, तेव्हा होम्स शेवटचे अस्त्र काढतो : तू एक साधा जनरल प्रॅक्टिशनर, तुझा अनुभव तो किती आणि पात्रता ती काय!

मीही एक साधा एम.बी.बी.एस. जनरल प्रॅक्टिशनर आहे. हे वाक्य कुठे लागते, ते मला ठाऊक आहे. वॉटसन दुखावतात, पण खोली सोडत नाहीत. माझ्यावर विश्वास नसेल तर शहरातला सर्वांत मोठा तज्ज्ञ आणतो, एवढेच ते म्हणतात. मित्राच्या प्राणांपुढे स्वतःचा मान त्यांनी बाजूला ठेवला. या मैत्रीतला खरा त्याग मला इथे दिसतो.

पुढे उलगडा होतो. होम्स आजारी नसतोच. एका खुन्याला गाफील ठेवून त्याच्या तोंडून कबुली काढण्यासाठी त्याने खरोखरच तीन दिवस उपास केलेला असतो. कपाळावरची चकाकी व्हॅसलीनची, डोळ्यांतली बेलाडोनाची आणि खपल्या मेणाच्या! मग तो अपमान कशासाठी? होम्स कबूल करतो की, वॉटसन यांच्या वैद्यकीय कौशल्याबद्दल त्याला मनोमन आदरच होता. नाडी आणि अंगाची उष्णता पाहिली असती, तर सोंग तत्काळ उघडे पडले असते. चार वारांवरून मात्र डॉक्टरलाही फसवता येत होते.

वाचकहो, रुग्णसेवा करणाऱ्यांनी या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. पहिली अशी की, आजारी माणसाच्या कठोर शब्दांचे मूळ पुष्कळदा आपल्यात नसते. वेदना, मृत्यूची भीती, परावलंबित्वाची लाज हे सारे सर्वांत जवळच्या माणसावर निघते. कारण तो सोडून जाणार नाही, याची खात्री असते.

दुसरी गोष्ट वॉटसन यांना जमली नाही. निष्ठेपोटी त्यांनी मित्राची आज्ञा पाळली आणि ते दूर उभे राहिले. कथेत ते उपकारक ठरले. घरात ते महागात पडू शकते. चार वारांवरून रागही स्वभावासारखा दिसतो. वयस्क व्यक्ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकाएकी चिडचिडी झाली, असंबद्ध बोलू लागली, दिवसभर गुंगीत राहू लागली, तर वयाला दोष देऊ नये. लघवीचा किंवा फुप्फुसांचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी अथवा सोडियम कमी होणे, तुंबलेली लघवी, नव्याने सुरू झालेले औषध यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मी त्या गृहस्थांना विचारले, मित्र कोणत्या वेळी चिडतात? ‘‘संध्याकाळीच. घामही फार येतो त्याला.’’ मी म्हणालो, आज जा आणि इंजेक्शनपूर्वी साखर तपासा. ती निघाली ५८. मी सांगून ठेवल्याप्रमाणे त्यांनी इंजेक्शन थांबवले, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले आणि मला दूरध्वनी केला. दुपारचा डबा आठवडाभर अर्धा परत जात होता आणि सकाळचे इन्सुलिन मात्र पूर्वीइतकेच चालू होते. मात्रा बदलावी लागली. (साखर ७०च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून त्याला नीट गिळता येत असेल, तरच असा उपाय करावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता तातडीने रुग्णालयात न्यावे.)

आता संध्याकाळची चिडचिड पुष्कळ कमी आहे. सगळी गेलेली नाही. त्या मित्राचा स्वभाव मुळातच तिखट आहे. होम्सने शेवटी दोन आदराचे शब्द बोलून दाखवले. आमच्या गृहस्थांच्या वाट्याला ते अजून आलेले नाहीत, कदाचित येणारही नाहीत. तरी ते जातात.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. त्या दिवशी त्यांचा स्वतःचा रक्तदाब १७०/१०० होता. गोळ्या आठ दिवसांपूर्वीच संपल्या होत्या. मित्राची औषधे आणताना स्वतःची आणायचे राहून गेले, असे ते हसत म्हणाले. मी हसलो नाही. मैत्रीसाठी मान सोडावा. गोळ्या सोडू नयेत. चिठ्ठी लिहून दिली आणि ‘आधी औषधाच्या दुकानात, मग मित्राकडे,’ असे बजावूनच त्यांना निरोप दिला.