बशीहून लहान वर्तुळ

आमच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात जागतिक अव्वल तिरंदाज माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले. पन्नास मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ चहाच्या बशीहून लहान; पंधरा बाणांत त्याचा एकच गुण गेला! त्याच वर्षी हांगझोऊला आशियाई सांघिक सुवर्ण. तरी गल्लीतली पोरे नावे सांगतात ती क्रिकेटवाल्यांची. त्याचे कंपाउंड धनुष्य ऑलिंपिकमध्ये आजवर नव्हते. २०२८ मध्ये येईल, तेही फक्त मिश्र सांघिक प्रकारात. म्हणून हे कर्तृत्व दुय्यम? मला नाही पटत. हारतुरे पुष्कळ झाले. या धनुष्याची किंमत लाखाच्या घरात जाते. शेतकऱ्याच्या पोराने ते आणावे कुठून, हे सत्कार करणाऱ्यांनी आधी सांगावे.