फळ्यापलीकडे : छातीतला आकडा



आज माझीच एक चूक तुम्हाला सांगणार आहे. माझ्या वर्गात चौथीला एक मुलगी होती. खो-खोत एकदम चपळ! पण कधी कधी पळता पळता मधेच मटकन खाली बसायची आणि छातीवर हात ठेवून म्हणायची, "बाई, आत मोटार सुरू झाली." दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा हसत उठायची. मला वाटलं, डाव हातचा जायला लागला की ही सोंग करते. एकदा तर सगळ्यांसमोर रागावले. घरी आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दवाखान्यात नेलं, तर तोवर मोटार बंद! इसीजीची पट्टी अगदी व्यवस्थित. झालं, सगळ्यांचं ठरलं की पोरगी नाटकी आहे.

मग एके दिवशी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलेलं असतानाच मोटार सुरू झाली. डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं, घड्याळ लावलं. ठोके मिनिटाला दोनशेच्या पुढे! तशीच तिला दवाखान्यात नेली, मोटार चालू असतानाच इसीजी काढला आणि चोर सापडला.

आता हा चोर कोण, ते पाहू. हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. दिवसाला साधारण एक लाख ठोके देतो. मळ्यातल्या मोटारीला स्टार्टर असतो ना? तसा हृदयालाही आहे, उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात. १९०७ साली इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो जगाला दाखवला. फ्लॅक तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्याला तो आधी दिसला मोल नावाच्या बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्याच्या हृदयात!

या स्टार्टरमधून विजेची बारीक लहर निघते. वरच्या कप्प्यांतून खाली जायला तिला एकच फाटक असतं. तिथे ती क्षणभर थांबते, मग खाली जाते. पण काही मुलांच्या हृदयात जन्मतःच फाटकाशिवाय आणखी एक धागा राहून गेलेला असतो. विजेच्या तारेवर कुणी चोरून आकडा टाकावा, तसा! लहर फाटकातून खाली जाते, आकड्यातून परत वर येते, पुन्हा खाली... गरगर, गरगर.

खेळून पाहा. दहा जण गोल करून हात धरा. एकाने शेजाऱ्याचा हात दाबायचा, त्याने पुढच्याचा. दाब गोल गोल फिरतच राहील. आता एकाने हात सोडा. थांबला ना? उपचार एवढाच : आकड्याच्या जागी हात सोडवायचा.

पण आकडा आहे कुठे? १९६८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. विल सीली यांनी एका मच्छीमाराची छाती उघडून असा धागा कापला होता. त्या वेळी धडधडत्या हृदयावर जागोजागी सळई टेकवून, लहर कुठे आधी पोचते ते मोजावं लागलं. पुढे छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून बारीक लवचीक तार हृदयापर्यंत नेता येऊ लागली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९९० च्या दशकात डॉ. यश लोखंडवाला यांच्यासारख्या तज्ज्ञांनी हे काम केलं. मात्र तार आत कुठे आहे हे एक्स-रेच्या सावलीवरून ओळखावं लागे.

१९९७ साली इस्रायलच्या श्लोमो बेन-हाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी युक्ती जगापुढे मांडली. पलंगाखाली तीन चुंबकीय वेटोळी, तारेच्या टोकाशी एक चिमुकला संवेदक. टोक हृदयात जिथे टेकेल ती जागा संगणकाला कळते आणि लहर तिथे कधी पोचली तेही कळतं. अशा अनेक जागा जोडून पडद्यावर हृदयाचा रंगीत नकाशा उमटतो. जिथे लहर सर्वांत आधी पोचली तिथे लाल, मग पिवळा, हिरवा, निळा, शेवटी जांभळा. आपला वायरमन खांबामागून खांब तपासत बिघाड शोधतो, तसंच हे!

जागा सापडली की तारेचं टोक तापवून काही मिलिमीटरचा डाग देतात. आकडा तुटतो. (बिब्ब्याने पोट डागतात, तसलं अघोरी काम हे नव्हे. ते कुणी करू नये!) मात्र आकडा फाटकाजवळ असला तर फार जपावं लागतं. फाटकच भाजलं, तर जन्मभर यंत्राचा स्टार्टर बसवायची वेळ येऊ शकते. म्हणून नकाशा चोख हवा.

आमच्या मुलीवर मुंबईत असेच उपचार झाले. परत आली आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, मी खेळू का?" डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली, हो म्हटलं, आणि वर्गासमोरच तिची माफी मागितली. रागावले होते सगळ्यांसमोर, मग माफी कोपऱ्यात कशी मागायची?

मुलांनो, पळल्यावर छाती धडधडते, ते चांगलंच. घाबरू नका. पण स्वस्थ बसलेलं असताना एकाएकी मोटार सुरू झाली, चक्कर आली किंवा पळता पळता शुद्ध हरपली, तर लपवू नका, लगेच मोठ्यांना सांगा. आणि पालकहो, आधी नाडी मोजा, वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. "नाटकं करतो" हे सगळ्यांत शेवटी म्हणा. खरं तर म्हणूच नका.

तुमच्या बाई