‘बनवाबनवी’चा गोड शेवट

‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ सालचा बोलपट निर्भेळ विनोदाचा आहे, त्याच्या शेवटाची चिकित्सा कसली करता, असे रसिकजन विचारतात. आमचे म्हणणे असे की, चिकित्सा करावी ती त्या शेवटाचीच.

कथा सर्वश्रुत आहे. धनंजय माने, त्याचा धाकटा भाऊ शंतनू आणि सुधीर व परशुराम हे दोन स्नेही पुण्यात निवाऱ्यास मोताद होतात. लीलाबाई काळभोरांकडे बिऱ्हाड मिळते, पण ते विवाहितांसच. तेव्हा परशुराम थोरल्या भावाची बायको होतो, सुधीर धाकट्याची. या सोंगाला आम्ही नावे ठेवीत नाही. बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या आणि आमच्या झाडीपट्टीत दंडारीतील पुरुषांचा स्त्रीवेष पाहत आलेल्या समाजाने त्याला नावे ठेवावीत तरी कशी?

परंतु शेवटी होते काय? सोंग उघडे पडते, लीलाबाई क्षमा करतात आणि तरुणांच्या जोड्या जुळतात. म्हणजे क्षमा मागायची कोणी, तर ज्यांना जागा नाकारली त्यांनी. आणि अट मात्र लग्ने जुळवून विजयी व्हायची! वयोवृद्ध बाईने सावध असू नये काय, असे कोणी म्हणेल. अवश्य असावे. पण लग्न हा शीलाचा दाखला नव्हे, हे या कथेनेच सिद्ध केले आहे. ही चार मुले त्या घरात अविवाहितच होती आणि तरीही बाईंना मुलांसारखी झाली. कथेने अटीचा पाया उखडला. शेवटाला तसे बोलण्याचे धैर्य झाले नाही.

ही केवळ पडद्यावरची गोष्ट असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. लाखनीची मुले शिक्षणासाठी नागपूर-पुण्यास जातात, तेव्हा ‘फक्त फॅमिलीला’ हे उत्तर त्यांना आजही ऐकावे लागते. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा भाड्याची व घर खाली करून घेण्याची चर्चा करतो. अविवाहितास दार बंद करू नका, असे तो सांगत नाही. कायदा मुका आहे, तेथे विनोदाने बोलावयास हवे होते.

आपण तो बोलपट कितीदा पाहिला, हे अभिमानाने सांगणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतील ज्यांच्या माडीवर एखादी खोली रिकामी आहे, त्यांनी ती कोणास नाकारली, हेही एकदा सांगावे.